संशोधन अणुभट्ट्यांचा इंधनबदल : ‘अप्सरा’पासून घानापर्यंत

मुंबईनजीक ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. आशियातील पहिली संशोधन अणुभट्टी म्हणून तिची नोंद होते. पाण्याच्या खोल कुंडात बुडालेल्या तिच्या गाभ्याभोवती जो निळसर प्रकाश पसरे, तो पाहून पंडित नेहरूंनी तिला हे नाव दिले. आराखडा व बांधणी भारतीय शास्त्रज्ञ-अभियंत्यांची होती. इंधन मात्र ब्रिटनकडून आले होते. पन्नासहून अधिक वर्षे सेवा देऊन ती २००९ मध्ये कायमची बंद करण्यात आली. त्यानंतर १० सप्टेंबर २०१८ च्या सायंकाळी ट्रॉम्बे येथेच तिची सुधारित आवृत्ती, ‘अप्सरा-यू’, सुरू झाली. क्षमता एक मेगावॉटवरून दोन मेगावॉटवर गेली, ही बातमी त्या वेळी सर्वत्र आली. इंधन बदलले आहे, या गोष्टीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. जुन्या अप्सरेत उच्च-समृद्ध युरेनियम होते. नवीत ते अल्प-समृद्ध आहे, आणि ते देशातच तयार झालेले आहे.

हा बदल केवळ ट्रॉम्बेपुरता नाही. गेली सुमारे साडेचार दशके जगभरच्या नागरी संशोधन अणुभट्ट्यांमध्ये तो चालू आहे. शंभरहून अधिक अणुभट्ट्या व समस्थानिक-निर्मितीच्या सुविधा आजवर एक तर नव्या इंधनावर आणल्या गेल्या किंवा कायमच्या बंद झाल्या. अणुविषयक करारांच्या गदारोळात या कामाचा आवाज फारसा ऐकू येत नाही. अण्वस्त्रांचा कच्चा माल प्रत्यक्ष कमी करणाऱ्या प्रयत्नांत मात्र त्याचे स्थान वरचे आहे.

निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ हा सहज विखंडन पावणारा समस्थानिक जेमतेम ०.७ टक्का असतो. उरलेले जवळजवळ सगळे युरेनियम-२३८. पहिल्याचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढविणे म्हणजे समृद्धीकरण. वीजनिर्मितीच्या बहुतेक अणुभट्ट्यांना तीन ते पाच टक्के समृद्धी पुरते. प्रमाण २० टक्क्यांखाली असेल तर त्या युरेनियमास अल्प-समृद्ध म्हणतात. २० टक्के व त्यावर गेले की ते उच्च-समृद्ध ठरते. अण्वस्त्रांसाठी साधारणतः ९० टक्क्यांच्या आसपासचे युरेनियम वापरतात. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते आणि त्याची सरासरी समृद्धी ८० टक्क्यांच्या घरात होती. त्या बॉम्बची रचना इतकी सोपी होती की, टाकण्यापूर्वी तिची चाचणी घेण्याची गरजही अमेरिकेला वाटली नाही. तज्ज्ञांना प्लुटोनियमपेक्षाही उच्च-समृद्ध युरेनियमाची चोरी अधिक भिववते, त्याचे कारण हेच. प्लुटोनियमच्या बॉम्बला अत्यंत अचूक स्फोटरचना लागते. युरेनियमाचे दोन तुकडे वेगाने एकमेकांवर आदळविणे त्या मानाने सोपे.

संशोधन अणुभट्टी वीज निर्माण करीत नाही. तिच्यातून हवे असतात ते न्यूट्रॉन. पदार्थांची अंतर्रचना तपासणे, औषधोपचारासाठी समस्थानिक तयार करणे, धातू व इंधने किरणोत्सर्गात कशी टिकतात ते पाहणे, सिलिकॉनमध्ये सूक्ष्म प्रमाणात बदल घडविणे, आणि विद्यार्थ्यांना अणुभट्टी हाताळायला शिकविणे, ही तिची कामे. लहानशा गाभ्यातून न्यूट्रॉनांचा जितका दाट झोत मिळेल तितके बरे. म्हणूनच गाभ्यात युरेनियम-२३५ ठासून भरण्याकडे कल असतो, आणि समृद्धी वाढविणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग.

हे इंधन जगभर पसरले ते चांगल्या हेतूने. ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ‘शांततेसाठी अणू’ ही कल्पना मांडली. त्यानंतर अमेरिकेने अनेक देशांना संशोधन अणुभट्ट्या दिल्या. आरंभी इंधन २० टक्क्यांच्या जवळपास समृद्ध होते. साठच्या दशकात ती मर्यादा सैल झाली आणि ९३ टक्क्यांचे इंधन विद्यापीठांच्या आवारांपर्यंत पोहोचले. सोव्हिएत संघाची वाटचालही निराळी नव्हती; आधी दहा टक्के, मग ३६ आणि ८० टक्के. शीतयुद्धात मित्रदेशांना उत्तमातले उत्तम देण्याची दोन्हीकडे चढाओढ होती. परिणामी, बॉम्बला लागणारा मुख्य पदार्थ अशा ठिकाणी जाऊन बसला जिथे साधे कुंपण आणि एखादा रात्रपाळीचा पहारेकरी एवढाच काय तो बंदोबस्त होता.

धोका केवळ चोरीचा नव्हता. १९९० च्या ऑगस्टमध्ये कुवेतवर आक्रमण केल्यानंतर इराकने बगदादजवळच्या तुवैथा केंद्रात एक गुप्त, घाईचा कार्यक्रम हाती घेतला. फ्रान्सने दिलेले ९३ टक्क्यांचे आणि सोव्हिएत संघाने दिलेले ८० टक्क्यांचे अणुभट्टीचे इंधन रासायनिक प्रक्रियेने विरघळवून त्यातून बॉम्बसाठी युरेनियम काढायचे, असा तो बेत होता. हे सारे इंधन आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली होते आणि निरीक्षक ठराविक महिन्यांनी येऊन ते मोजत असत. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात काम उरकण्याचा इराकचा हिशेब होता. जानेवारी १९९१ मध्ये बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि तो हिशेब चुकला. युद्धानंतर निरीक्षकांनी ते इंधन शोधून रशियात पाठविले. मोजणीची व्यवस्था कितीही चोख असली तरी मोजला जाणारा पदार्थच थेट अस्त्राचा असेल तर तिला मर्यादा पडतात, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

इंधनबदलाचे काम त्याआधीच सुरू झाले होते. १९७८ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने संशोधन अणुभट्ट्यांतील इंधनाची समृद्धी घटविण्याचा कार्यक्रम आखला. त्याचे तांत्रिक केंद्र शिकागोजवळची आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळा. सोव्हिएत संघानेही पुढे परदेशी अणुभट्ट्यांचे इंधन ३६ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यास सुरुवात केली. १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यातच तरतूद केली : जो देश अणुभट्टी अल्प-समृद्ध इंधनावर आणण्याची हमी देणार नाही, त्याला उच्च-समृद्ध युरेनियम निर्यात होणार नाही.

ऐकायला हे सोपे वाटते. जुने इंधन काढायचे, नवे घालायचे. अडचण अंकगणितात आहे. ९३ टक्के समृद्ध अशा १०० ग्रॅम युरेनियमात ९३ ग्रॅम युरेनियम-२३५ असते. तेवढेच २० टक्क्यांच्या युरेनियमातून मिळवायचे तर ४६५ ग्रॅम युरेनियम लागेल. त्यात भर म्हणजे वाढलेले युरेनियम-२३८ काही न्यूट्रॉन गिळते, त्यामुळे प्रत्यक्षात युरेनियम-२३५ देखील पूर्वीपेक्षा थोडे अधिक लागते. आणि हे सगळे त्याच आकाराच्या इंधनपट्टीत मावले पाहिजे; कारण गाभ्याचा आकार, पाण्याच्या वाटा, नियंत्रक दांड्यांच्या जागा बदलणे म्हणजे जवळजवळ नवी अणुभट्टी बांधणे. उपाय एकच : जागेचे प्रमाण तेच ठेवून इंधन अधिक घन करायचे.

या इंधनपट्टीची बनावट पाहण्यासारखी असते. युरेनियमच्या संयुगाची पूड ॲल्युमिनियमच्या पुडीत मिसळून तिची वडी दाबतात. ती ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवून वर-खाली त्याच धातूचे पत्रे लावतात आणि सगळे तापवून लाटतात. पुरणपोळीची उपमा इथे अगदी नेमकी बसते, फक्त पोळी एक-दीड मिलिमीटर जाडीची आणि पुरण कुठूनही बाहेर येता कामा नये. पट्टीचे आवरण फुटले की विखंडनातून निर्माण झालेली किरणोत्सारी द्रव्ये थेट शीतलक पाण्यात उतरतात. आता या पुरणात युरेनियम किती कोंबता येईल, हा प्रश्न होता. जुन्या मिश्रणांची धाव तोकडी होती. ऐंशीच्या दशकात युरेनियम आणि सिलिकॉन यांचे संयुग, म्हणजे युरेनियम सिलिसाइड, कामी आले. त्यात घनसेंटिमीटरमागे ४.८ ग्रॅमपर्यंत युरेनियम भरता येते, आणि किरणोत्सर्गात ते फुगत-फुटत नाही असे चाचण्यांत दिसले. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने त्याला मान्यता दिली. अप्सरा-यूचे इंधनही याच जातीचे.

मर्यादा नेमकी २० टक्क्यांवरच का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. समृद्धी कमी होत जाते तसे बॉम्बसाठी लागणारे वस्तुमान झपाट्याने वाढते. २० टक्क्यांखाली ते शेकडो किलोंवर जाते आणि व्यवहारात निरुपयोगी ठरते. मग आणखी खाली का जाऊ नये? कारण युरेनियम-२३८ न्यूट्रॉन शोषून प्लुटोनियम बनवते. समृद्धी फार उतरविली तर एका धोक्याच्या जागी दुसरा उभा राहतो. २० टक्क्यांच्या किंचित खालचा, म्हणजे १९.७५ टक्क्यांचा मधला मुक्काम दोन्ही बाजूंनी सोयीचा ठरला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मोजमापेही हेच सांगतात. उच्च-समृद्ध पदार्थातील २५ किलो युरेनियम-२३५ ती एका अस्त्राच्या दृष्टीने लक्षणीय मानते. अल्प-समृद्ध पदार्थाच्या बाबतीत तोच आकडा ७५ किलो आहे.

तरीही २० टक्के हा काही निर्धोक आकडा नव्हे. नैसर्गिक युरेनियमापासून ९० टक्क्यांपर्यंत जाण्यास जेवढे कष्ट पडतात, त्यांपैकी बहुतांश २० टक्क्यांवर पोहोचेपर्यंतच खर्ची पडलेले असतात. तेहरानची संशोधन अणुभट्टी हे त्याचे बोलके उदाहरण. १९६७ मध्ये अमेरिकेने ती ९३ टक्क्यांच्या इंधनासह दिली. क्रांतीनंतर इंधनाचा पुरवठा थांबला, तेव्हा अर्जेंटिनाने तिचा गाभा २० टक्क्यांखालच्या इंधनासाठी बदलून दिला आणि १९९३ मध्ये सुमारे ११५ किलो इंधनही पुरविले. ते संपत आले आणि नवा पुरवठा ठरेना, तेव्हा २०१० मध्ये इराणने त्याच अणुभट्टीचे कारण पुढे करून स्वतः २० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण सुरू केले. पुढच्या दशकातील सारा वाद याच पायरीवरून पेटला. इंधन बदलून देणाऱ्याने पुढच्या पुरवठ्याची सोय लावली नाही तर काय होते, हे यावरून कळते.

आपल्या शेजारी पाकिस्तानातही हा बदल लवकर झाला. इस्लामाबादजवळ निलोर येथील पहिली संशोधन अणुभट्टी १९६५ पासून ९० टक्क्यांहून अधिक समृद्ध अमेरिकी इंधनावर चालत असे. तसे इंधन मिळेनासे झाल्यावर नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी ती अल्प-समृद्ध इंधनावर आणली गेली, आणि त्याच संधीत तिची क्षमता पाच मेगावॉटवरून वाढविण्यात आली. इंधन बदलले म्हणजे अणुभट्टी दुबळी झालीच पाहिजे असे नाही, याचा हा एक दाखला.

नवे इंधन बसले की जुन्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. ते मूळ पुरवठादाराकडे परत जाते. तिथे त्याची साठवण होते किंवा नैसर्गिक वा क्षीण युरेनियमात मिसळून त्याची समृद्धी उतरविली जाते. हे सांगण्यापुरते सोपे. सर्बियातील बेलग्रेडजवळच्या विंचा संस्थेत, १९८४ पासून बंद पडलेल्या अणुभट्टीचे ८० टक्के समृद्ध असे सुमारे ४८ किलो न वापरलेले युरेनियम पडून होते. युगोस्लाव्हियाची फाळणी, युद्धे, निर्बंध या सगळ्यात ते तिथेच राहिले. ऑगस्ट २००२ मध्ये एका रात्री सैनिकांच्या मोठ्या पहाऱ्यात ते विमानतळावर नेऊन रशियाला पाठविण्यात आले. गंमत अशी की, संस्थेतील जुन्या किरणोत्सारी कचऱ्याची व्यवस्था लावण्यासाठी लागणारे पन्नास लाख डॉलर अमेरिकी सरकारला कायद्याने देता येत नव्हते. ते एका खासगी संस्थेने दिले. चिलीमध्ये २०१० च्या फेब्रुवारीत महाभूकंप झाला, त्या वेळी तिथल्या सुमारे १८ किलो उच्च-समृद्ध युरेनियमाची पाठवणी ऐन तयारीत होती. धरणीकंपाच्या धक्क्यांतून सावरत पुढच्याच महिन्यात ते देशाबाहेर गेले.

युक्रेनची गोष्ट आज वेगळ्या नजरेने वाचली जाते. २०१० च्या अणुसुरक्षा शिखर परिषदेत त्या देशाने आपल्याकडील सर्व उच्च-समृद्ध युरेनियम देऊन टाकण्याचे वचन दिले आणि मार्च २०१२ पर्यंत ते पाळले. एकूण दोनशे किलोंहून अधिक युरेनियम रशियात गेले. बदल्यात खार्कीव्हच्या भौतिकी संस्थेत अल्प-समृद्ध इंधनावर चालणारा न्यूट्रॉन-स्रोत अमेरिकेच्या मदतीने उभारला गेला. मार्च २०२२ मध्ये याच संस्थेच्या आवारावर गोळे पडले, इमारतींचे नुकसान झाले, वीज गेली. किरणोत्सर्गाची दुर्घटना झाली नाही. पूर्वीचा साठा तिथे असता तर जगाला त्याची वेगळीच काळजी वाहावी लागली असती.

आफ्रिकेतील इंधनबदल आकाराने लहान, पण मेहनतीने मोठा. चीनने ऐंशी-नव्वदच्या दशकांत एक छोटेखानी अणुभट्टी तयार करून काही देशांना दिली होती. तिची क्षमता सुमारे ३० किलोवॉट, म्हणजे अप्सरेच्याही तुलनेत चिमुकली. इंधन मात्र ९० टक्के समृद्ध, जेमतेम किलोभर. घानाच्या आक्राजवळ आणि नायजेरियातील झारिया विद्यापीठात अशा अणुभट्ट्या चालत असत. मातीचे, पिकांचे, खनिजांचे नमुने तपासणे हे त्यांचे नित्याचे काम. या अणुभट्टीचा गाभा आयुष्यभर न उघडण्याच्या हिशेबाने बनविलेला असल्यामुळे तो बाहेर कसा काढायचा याचाच प्रथम अभ्यास करावा लागला. चीनने आधी बीजिंगजवळच्या आपल्या मूळ नमुन्यावर प्रयोग करून २०१६ मध्ये तो यशस्वी केला. घानामध्ये प्रतिकृती उभारून तंत्रज्ञांनी सराव केला, आणि २०१७ मध्ये आक्राचा गाभा बदलला. नव्या इंधनात न्यूट्रॉनांचा झोत पूर्ववत राहावा म्हणून क्षमता ३० वरून ३४ किलोवॉट करण्यात आली, एवढ्यावर भागले. नायजेरियाचा गाभा डिसेंबर २०१८ मध्ये चीनला परतला. देशाच्या उत्तर भागात सशस्त्र बंडखोरांचा उपद्रव चालू असताना हे घडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

रुग्णालयांशी या विषयाचा थेट संबंध आहे. हृदय, हाडे, थायरॉइड यांच्या तपासणीत जगभर सर्वाधिक वापरला जाणारा किरणोत्सारी पदार्थ म्हणजे टेक्नेशियम-९९एम. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे, म्हणून तो साठवता येत नाही. ६६ तासांचे अर्धायुष्य असलेल्या मॉलिब्डेनम-९९ पासून तो रुग्णालयातच काढून घेतात. हे मॉलिब्डेनम मोठ्या प्रमाणावर मिळते ते युरेनियमाच्या छोट्या पट्ट्या अणुभट्टीत काही दिवस ठेवून. वर्षानुवर्षे या पट्ट्या उच्च-समृद्ध असत आणि त्यांतील काही टक्केच युरेनियम खर्ची पडे. उरलेले कचऱ्याच्या टाक्यांत साचत राही. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स आणि शेवटी बेल्जियम यांनी टप्प्याटप्प्याने आपल्या पट्ट्या अल्प-समृद्ध केल्या. उत्पादकांची आधीची तक्रार अशी की, तेवढ्याच मॉलिब्डेनमसाठी कितीतरी अधिक युरेनियम हाताळावे लागेल, कचरा वाढेल, औषध महागेल. काही अंशी ती खरी होती. पण पुरवठा थांबला नाही. दक्षिण आफ्रिकेत तर पेलिंडाबा या अणुकेंद्रात नोव्हेंबर २००७ मध्ये हत्यारबंद टोळी विद्युतभारित कुंपण ओलांडून आत शिरली होती आणि नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचली होती. तेथील सफारी-१ अणुभट्टी २००९ मध्ये अल्प-समृद्ध इंधनावर आली. जुना उच्च-समृद्ध साठा देशाने स्वतःजवळच ठेवला आहे.

भारतापुरते पाहिले तर प्रश्न मुळात लहान होता. सायरस व ध्रुव या ट्रॉम्बेच्या मोठ्या संशोधन अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमावर चालणाऱ्या. त्यांच्याबाबतचे वाद वेगळ्या स्वरूपाचे. उच्च-समृद्ध इंधनाचा संबंध होता तो अप्सरेशी. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या वेळी नागरी व लष्करी सुविधा वेगळ्या करण्याची जी योजना भारताने मांडली, तिच्यात अप्सरेचा फ्रान्सकडून घेतलेला गाभा भाभा अणुसंशोधन केंद्राबाहेर हलवून आंतरराष्ट्रीय देखरेखीसाठी खुला करण्याचे म्हटले होते. डिसेंबर २०१० मध्ये ते इंधन देखरेखीखालील सुविधेत ठेवण्यात आले, आणि नवी अप्सरा उच्च-समृद्ध नसलेल्या देशी इंधनावर चालेल, असे भारताने २०१२ च्या सोल परिषदेत सांगितले. २०१८ मध्ये तसे झाले. वैद्यकीय समस्थानिकांच्या देशी उत्पादनात सुमारे ५० टक्के वाढ होईल, अशी अपेक्षा त्या वेळी अणुऊर्जा विभागाने व्यक्त केली होती.

जगात आता उरल्या आहेत त्या बव्हंशी अवघड अणुभट्ट्या. फ्रान्समधील ग्रेनोबल, बेल्जियममधील मोल, अमेरिकेतील ओक रिज, आयडाहो, मिसूरी, मॅसॅच्युसेट्स येथील उच्च क्षमतेच्या भट्ट्यांचे गाभे इतके आटोपशीर आहेत की त्यांतील बहुतेकांना सिलिसाइडची घनता अपुरी पडते. त्यांच्यासाठी युरेनियम व मॉलिब्डेनम यांचा मिश्रधातू पुढे आला. त्याची पूड ॲल्युमिनियममध्ये मिसळून पाहिली, तेव्हा किरणोत्सर्गात दोन धातूंच्या सीमेवर थर जमून पट्ट्या उशीसारख्या फुगू लागल्या. या शतकाच्या आरंभी दिसलेल्या या दोषाने सगळे वेळापत्रक कित्येक वर्षे मागे ढकलले. आता पूड सोडून त्या मिश्रधातूचा अखंड पातळ पत्राच वापरण्याकडे अमेरिकेचा कल आहे.

म्युनिकजवळच्या गार्शिंगची अणुभट्टी हा या इतिहासातील विचित्र अध्याय म्हणावा लागेल. सिलिसाइड हे समृद्धी कमी करता यावी म्हणून विकसित झाले. इथे त्याच घन इंधनात ९३ टक्क्यांचे युरेनियम भरून गाभा आणखी आटोपशीर करण्यात आला. विरोध झुगारून २००४ मध्ये ती सुरू झाली. २०१० अखेरपर्यंत समृद्धी घटवू, हे वचन पाळले गेले नाही. नंतर ठरलेली २०१८ ची मुदतही टळली. अलीकडच्या वर्षांत तिथल्याच शास्त्रज्ञांनी मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूने २० टक्क्यांखाली जाणे शक्य असल्याचे गणिताने दाखविले आहे. ते इंधन कारखान्यात बनवून, तपासून, परवाना मिळवून गाभ्यात घालायचे आहे.

रशियात अशा अणुभट्ट्यांची संख्या सर्वांत मोठी. परदेशातील आपले इंधन परत घेण्यात रशियाने प्रदीर्घ सहकार्य केले. घरच्या भट्ट्यांच्या बाबतीत मात्र त्याची तशी निकड त्याला कधी वाटली नाही. सेंट पीटर्सबर्गजवळ गाचिना येथील १०० मेगावॉटची ‘पिक’ ही नवी अणुभट्टी उच्च-समृद्ध इंधनावरच उभी आहे. युक्रेन युद्धानंतर अमेरिका-रशिया यांच्यातील या कामाचे संवाद जवळपास थांबले आहेत.